पेठेतला खुराक

आमच्या घरात दोन्ही वेळेला सोळा-सतरा पानं उठायची आणि पहाटे पाचच्या आत त्यांतली निम्मी माणसं तालमीच्या वाटेला लागलेली असायची. कोल्हापुरातली शिवाजी पेठ, दोन चौकांचं जुनं घर, परड्यात म्हशी. आजोबा, आज्जी, काका, काकू, आमचे आई-वडील, लग्न न केलेली धाकटी आत्या आणि आम्ही भावंडं. १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत जन्मलेले आम्ही सगळे आता साठीच्या पुढं गेलो आहोत. लग्नाकार्याला एकत्र जमलो, की बोलणं फिरून फिरून त्याच जागी येतं. कोण किती जोर मारायचा, कुणाच्या वाट्याला किती दूध यायचं आणि आज्जी कुणाच्या पानात काय वाढायची. इथं लिहिते आहे ते सगळ्यांनी मिळून आठवलेलं आहे. एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं.

त्या वेळच्या कोल्हापुरात असं घर काही वेगळं नव्हतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं आणि पेठापेठांतल्या तालमींना जो जोम आला, तो महाराज १९२२ मध्ये गेल्यावरही ओसरला नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम ही तालमींची नावं आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झाली. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण राजाराम कॉलेजात शिकले म्हणून कोल्हापूर त्यांना आपलंच मानायचं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं तेव्हा आमच्यातली थोरली दोघं रांगत होती. त्यांच्या प्रवासासाठी त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आम्ही कट्ट्यावर बसून कितीदा तरी ऐकली. थोरले काका, म्हणजे आमचे तात्या, ती सांगताना हटकून एका जागी थांबायचे. "वजन किती होतं त्यांचं? सत्तावन्न किलोचा गट. त्याच्या आधी चार वर्षं, लंडनला, बावन्न किलोत सहावे आले. सगळा जन्म मातीत लढलेला माणूस, तिथं पहिल्यांदा गादीवर उतरला. चार वर्षांत गादी शिकला आणि पदक आणलं." मग पोरांकडं बघून विचारायचे, "नुसत्या अंगानं झालं का हे?"

तात्या स्वतः मोठे पैलवान कधी झाले नाहीत. गावोगावच्या जत्रांत चार कुस्त्या मारल्या, मग म्युनिसिपालिटीत नोकरी धरली. पण पोराचं अंग कुठं चुकतंय हे त्यांच्या इतकं झटकन ओळखणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. आजोबांकडं बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक सुटा खंड होता. १९३६ पासून पुढं दहा खंडांत निघालेला हा मराठीतला केवढा मोठा उद्योग! आमच्या खंडाची पाठीची शिवण उसवली होती, पानं दोऱ्यानं बांधून ठेवलेली. तात्या तो उघडून पोरांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "आधी चित्र बघा. मग अंग हलवा."

जोर कसा मारायचा हे त्यांनी मागच्या चौकात शिकवलं. आम्ही मुली खांबामागून बघायचो, त्यामुळं आम्हालाही ते आजवर तोंडपाठ आहे. तळवे खांद्यांच्या रुंदीवर, बोटं पुढं. पाय मागं, साधारण तेवढ्याच अंतरावर. कंबर वर उचललेली, डोकं दोन हातांच्या मधे. मग कोपरं वाकवत छाती जमिनीच्या लगत सरकवत पुढं न्यायची, छाती वर काढायची, नजर समोर, आणि पुन्हा कंबर वर घेत मागं. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं. फरशीवर तात्या खडूनं एक रेघ ओढायचे. हनुवटी त्या रेघेवरून गेली पाहिजे, पण रेघेला लागता कामा नये. कोपर बाहेर फाकलं, की काठीचं टोक हलकेच त्या कोपराला टेकायचं. मारायला म्हणून ती काठी कधी उठली नाही. ज्याचा एक जोर चुकला त्याचा तो मोजला जायचा नाही. शंभर मारून सत्तरच मोजले गेलेले पोर रडवेलं व्हायचं, पण दुसऱ्या आठवड्यात त्याचे नव्वद भरायचे.

आमच्यातल्या एका चुलतभावाला बैठकांची ईर्षा फार. शेजारच्या गल्लीतल्या पोराशी पैज लावून तो चोरून बैठका मारायचा आणि वेग वाढला की त्याचे गुडघे आतल्या बाजूला वळायचे. एका पावसाळ्यात उजवा गुडघा सुजला. तात्यांनी त्याला महिनाभर बैठका बंद केल्या, रोज तिळाच्या तेलानं मालीश केलं, आणि पुन्हा सुरुवात केली ती खिडकीचा गज धरून. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या दिशेनंच गेला पाहिजे, पाठ ताठ, उतरताना सावकाश. आधी पाच, मग दहा. त्या पोराला ते फार अपमानाचं वाटलं होतं. आज तो एकाहत्तर वर्षांचा आहे, जोतिबाचा डोंगर पायऱ्यांनी चढतो, आणि त्याच्याबरोबर पैज मारणाऱ्या त्या दुसऱ्या पोराच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेला कारणं अनेक असतात, हे मला कळतं. तरीही आम्हा भावंडांचं मत पक्कं आहे, की तो गुडघा खिडकीच्या गजानं वाचवला.

तालमीची बाजू ही अशी. आता स्वयंपाकघराची.

पोरांच्या खुराकाचं नाव निघालं की लोकांना थंडाई आठवते. आमच्याकडंही ती व्हायची. रात्री भिजवलेले बदाम सोलून, त्यात खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे, सगळं दगडी कुंडीत लाकडी सोट्यानं घोटायचं. घोटणाऱ्याच्या दंडालाच तो मोठा व्यायाम. पण बदाम महाग. थंडाई व्हायची ती मैदान जवळ आलं की, आणि ती जो लढणार असेल त्याच्यापुरती. रोजचं अंग बनलं ते दुसऱ्याच गोष्टींवर. परड्यातल्या म्हशींचं दूध, आणि त्या आटल्या की गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळून घेतलेलं धारोष्ण दूध. मूठभर भिजवलेले हरभरे. शेंगदाणे आणि गूळ. सकाळच्या न्याहारीला ताक-कण्या किंवा शिळी भाकरी, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. थंडीत हुलग्याचं माडगं. मोड आलेल्या मटकीची उसळ आठवड्यातून दोन-तीनदा तरी ठरलेली. बुधवारी आणि रविवारी मटण आणलं, तर तिखट पडायच्या आधी अळणी रस्सा वेगळा काढला जायचा आणि तो तालमीतल्या पोरांना वाटीनं मिळायचा.

आज्जीला अक्षरओळख नव्हती. पण कुणी किती मेहनत केली हे तिला जेवायच्या आधी कळलेलं असायचं. ओलेत्या अंगानं पोरं न्हाणीतून यायची, ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची आणि भाकरी एक की दोन हे ठरवायची. लढत झाली नाही, सुट्टी पडली, तर दुधाचा पेला अर्धा. "आज माती लागली न्हाई अंगाला. एवढं कशाला?" पोरं कुरकुरायची. परीक्षेच्या महिन्यात तालीम बंद असायची तेव्हा तुपाचा डबा वरच्या फळीवर जायचा. हे तिचं गणित इतकं चोख होतं, की आमच्या त्या पिढीत पोरगेलेपणी सुटलेलं पोट कुणाचंच नव्हतं.

पुढं आत्या शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करून शाळेत शिक्षिका झाली आणि तिनं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं अन्नघटकांचं पुस्तक घरी आणलं. त्यातले आकडे ती मोठ्यानं वाचायची. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं, अख्ख्या हरभऱ्यात सतरा, मटणात एकवीसच्या आसपास. नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हशीच्या दुधात २१०, तिळात तर १४५०. तिळाचा आकडा ऐकून आईनं विचारलं, "मग संक्रांतीलाच का करतो आपण?" आणि त्या वर्षापासून तिळाची चटणी बारा महिने ताटात आली. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, ते कडधान्यांत मुबलक असतं. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. म्हणून भाकरी आणि उसळ एका ताटात पडली की दोघींची उणीव एकमेकींकडून भागते. आत्याला कमला सोहोनींबद्दल फार आदर होता. कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करणारी मराठी बाई, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. झालेली. आत्या शाळेतल्या मुलींना त्यांची गोष्ट सांगायची आणि मग डब्यात कोणी काय आणलंय ते बघत फिरायची.

१९७२ चा दुष्काळ कोल्हापूरला माणदेशाइतका भाजला नाही. पण आज्जीचं माहेर आटपाडीकडचं. तिकडची माणसं येऊन राहिली, आणि पानं सोळाची पंचवीस झाली. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशाखाली उतरायची नाही. पाहुण्यांतली मुलं खडी फोडायच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दल बोलायची, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसायचं ते आम्हाला विसरता आलेलं नाही. म्हशीला वैरण नव्हती, दूध निम्म्यावर आलं. अशा वेळी तात्यांनी काय केलं, तर पोरांची मेहनत निम्मी केली. जोर कमी, लढत आठवड्यातून एकदा, बाकी सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी नमस्कारांचा जो प्रसार केला तो तात्यांच्या शाळेपर्यंत पोहोचला होता आणि नमस्कारांवर त्यांची श्रद्धा होती. दुसऱ्या एका तालमीतली पोरं अर्धपोटी तेवढीच मेहनत करत राहिली. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या, दोघं आजारी पडले. "पोटात नसंल तर अंग आपलंच मांस खातंय," असं तात्या म्हणाले होते. शरीरशास्त्र वेगळ्या शब्दांत हेच सांगतं. खायला कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगताना आम्हा बहिणींचा आवाज अजून चढतो.

खुराक पोरांचा होता. तालमीत मारुती, तिथं आम्हाला जाणं नाही, हे आम्ही गृहीत धरलं होतं. पण घरातली मेहनत कुणाची? पहाटे जात्यावर आई आणि काकू. विहिरीचं पाणी आम्ही मुली भरायचो. मुसळ, धुणं, शेणी थापणं, सोळा-सतरा माणसांच्या भाकऱ्या. त्या कामालाही रीत होती आणि ती आज्जीनं तात्यांइतक्याच काटेकोरपणे शिकवली. घागर उचलताना कमरेतून वाकायचं नाही. आधी चुंबळ डोक्यावर नीट. मग घागरीला अंग भिडवून उकिडवं बसायचं, घागर मांडीवर घ्यायची, पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठायचं, आणि मग डोक्यावर. "पाठीनं उचलशील तर चाळिशीत काठी धरशील," हे तिचं वाक्य. जात्यावर एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि थोड्या दळणानंतर हात आणि पाय दोन्ही बदलायचे. एकाच हातानं दळणारीचा खांदा धरतो. पंचमीला झिम्मा-फुगडी खेळायला आम्ही उतरायचो तेव्हा फुगडी घालतानाही आज्जी ओरडायची, "टाचा जवळ! हात ताठ!" आज जिममध्ये माझी नात लोखंडी दांडा जमिनीवरून उचलते तेव्हा तिचा शिक्षक तिला हेच सगळं सांगतो.

रीत मिळाली, पण ताट मिळालं नाही. बायका शेवटी बसायच्या. तोवर उसळीचं पाणी उरलेलं असायचं, अळणी रस्सा संपलेला असायचा, दूध चहापुरतं. काकू दुपारी भाकरी-चटणीवर आणि दोन कप चहावर दिवस काढायची. तिच्या डोळ्यांखालचा भाग पांढुरका होता आणि जिना चढताना तिला दम लागायचा, हे आम्ही रोज पाहत होतो. बाईला खुराक मिळायचा तो बाळंतपणात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. सव्वा महिना तिच्यासाठी वेगळं शिजायचं. म्हणजे बाईच्या अंगाला काय लागतं हे घराला पक्कं ठाऊक होतं. त्या सव्वा महिन्यानंतर ते कुणी तिला द्यायचं नाही.

आत्यानं ते मोडलं. शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा संघ तिनं बांधला होता आणि त्यात आमच्यातल्या दोघी होत्या. एका रात्री पोरांना दूध वाढत असताना तिनं आज्जीच्या हातातून पातेलं घेतलं आणि सगळ्या मुलींचे पेले पुढं मांडले. "सकाळी दोन तास या मैदानावर घाम गाळतात. माती यांच्याही अंगाला लागते." आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. तिचंच गणित तिच्यापुढं ठेवलं गेलं होतं. मग तिनं एकेका पेल्यात दूध ओतलं. दुसऱ्या दिवशी काकूला पहिल्या पंगतीला बसवलं ते मात्र आजोबांनी. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या वर्षभरात काकूचा दम कमी झाला. उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, हे आत्याचे दोन नियम तिनं मरेपर्यंत पाळले. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं, एवढं साधं कारण.

या आठवणींत एक दुःखही आहे आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. पेठेतले किती तरी नामांकित पैलवान पुढं मधुमेहानं, हृदयविकारानं लवकर गेले. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. दिवसाला लिटरच्या लिटर दूध, तूप, मटण ही सवय पंचविशीत अंगात भिनलेली. तिशीत लग्न, दुकान, नोकरी, तालीम बंद, आणि ताट मात्र तेच. आमचे धाकटे काका त्यांतलेच. आज्जी असेपर्यंत त्यांचा पेला अर्धा होत होता. ती गेल्यावर कुणी केला नाही.

आता पेठेत तालमींपेक्षा जिम जास्त आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. मुली तिथं उजळ माथ्यानं जातात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि आता तर कोल्हापुरात मुली मातीत आणि गादीवर कुस्ती खेळतात. काळजी वाटते ती दुसऱ्याची. पहिल्याच आठवड्यात पावडरचा मोठा डबा विकत घेतला जातो, वजन दर चार दिवसांनी वाढवलं जातं, आणि समोर आरसा असतो, पण शेजारी उभं राहून कोपर कुठं फाकतंय हे बघणारं माणूस नसतं. काही ठिकाणी तर पोरांना इंजेक्शनं दिली जातात. हे बोलायचं कुणी टाळू नये. घरात भाकरी आणि उसळ असते, शेंगदाणे असतात, दही असतं, अंडी असतात. साध्या व्यायामाला लागणारी प्रथिनं बहुतेकांना त्यातूनच मिळतात. डब्याचे पैसे वाचवून ते पहिले तीन महिने नीट शिकवणाऱ्या माणसाला द्यावेत, असं मी प्रत्येक भाच्या-पुतण्याला सांगते.

तुमच्या घरातली एखादी मुलगी धावायला, कबड्डीला किंवा जिमला जाऊ लागली असेल, तर आज रात्री तिच्या ताटाकडं नीट बघा. ती कितव्या पंगतीला जेवते, तिच्या वाटीत उसळ किती पडते, दूध तिच्यापर्यंत पोहोचतं का, तेही बघा. आणि तिच्या आईचं ताट त्याच वेळी वाढून घ्या.